कुसवंडचा आयांचा कातळ

कुसवंडच्या बंदराला लागून एक काळा, सपाट कातळ आहे. त्याला आयांचा कातळ म्हणतात. गावातलं कुणी समुद्रापार निघालं, की घराघरातली बाई तिथे येऊन उभी राहते. त्यातली जाणाऱ्याची आई कोणती, हे परक्याला काही केल्या ओळखता येत नाही.

गावातल्या धाकूआजोबांनी हा कातळ आजवर पुष्कळांना दाखवला, पण अमेरिकेहून आलेल्या डोरोथी कुसवंडकरपुढे म्हाताऱ्याची जीभ अडखळली. तिचा पूर्वज शिडाच्या जहाजावर खलाशी म्हणून गेला नि तिकडचाच झाला. आता तिचे वडील अंथरुणाला खिळले होते. डोळे मिटण्याआधी आपलं मूळ घर कुठलं, खरं आडनाव काय, एवढंच त्यांना हवं होतं. ‘नीट सांग रे, काही गाळू नकोस,’ असं तिच्यासोबतच्या दुभाष्याला बजावून आजोबांनी सुरुवात केली.

फार पूर्वी म्हणे इथल्या एका घरावर समुद्राने डूख धरला होता. नवरा गेला, दीर गेला, थोरला लेक गेला. धाकटा जहाजावर निघाला तेव्हा आई गावदेवीपुढे गेली. ती नवस बोलली, पोर परत उंबऱ्यात उभं राहीपर्यंत त्याचं घर, त्याचं आडनाव कुणी उच्चारणार नाही. पोर कुणाचं, हे समुद्राला कळताच कामा नये. साऱ्या गावाने शपथ घेतली. पोराने आडनाव म्हणून गावाचं नाव लावलं. निरोपाच्या वेळी एकटी आई रडली असती तर ओळख पटली असती, म्हणून कातळावर सगळ्याच बाया रडल्या.

नवस फळला, पोर जगलं. पण परतलं नाही, त्यामुळे शपथही सुटली नाही. शेवटच्या घटकेला, लेकाचं नाव एकदा तरी आडनावासकट कुणी घ्यावं म्हणून आई तडफडली, असं सांगतात. शेजारणींना सगळं ठाऊक होतं, पण तिचे डोळे पुसण्यापलीकडे त्यांच्या हाती काही नव्हतं.

“मग ते घर कोणतं?” डोरोथीने विचारलं.

“बाय, जाणणारे केव्हाच गेले. मला ठाऊक असतं, तर देवीचा कोप माथ्यावर घेऊन सांगितलं असतं.” आजोबांना मान वर करवेना.

दुपारी तिची होडी सुटली तेव्हा कातळावर पाय ठेवायला जागा नव्हती. डोरोथी एकेकीचा चेहरा निरखत राहिली, वडिलांचं नाक, वडिलांची हनुवटी शोधत राहिली. कुसवंडच्या बाया आजही तशाच रडतात, सगळ्या एकदम, आणि प्रत्येकीचं पोटचंच पोर निघाल्यासारख्या.