खुणेपुढे गेलेली कळ

फार जुन्या काळची गोष्ट, बाळांनो. मोठ्यांनीही ऐकायला हरकत नाही. एका नदीकाठच्या राज्यात एक राणी होती. तिच्या लहानपणी तिचे वडील पुरात वाहून गेले होते. बातमी वेळेवर पोचती, तर ते वाचते. तेव्हापासून राणीच्या जिवाला स्वस्थता नव्हती. भरल्या ताटावरून उठे, झोपेतून उठे, नदी बघून येई.

तिच्यासाठी एका म्हाताऱ्या कारागिणीने गणित करणारी पेटी घडवली. आत नखाएवढी चकती, तिच्यावर केसाहून बारीक सोन्याच्या तारा. ओढ्यावरचे चाक फिरले की तारांतून वीज धावे, आणि डोंगरातल्या पावसावरून पूर कधी येणार ते पेटी सांगे. सकाळी विचारावे, दुपारी उत्तर मिळावे. वेग वाढवण्याच्या कळीवर कारागिणीने एक खूण केली होती.

"राणीसाहेब, कळ खुणेपुढे नेऊ नका," ती म्हणाली. "पुढे जाते, हे मलाही ठाऊक आहे. तेवढी ताकद मी राखून ठेवली आहे."

"कुणासाठी?"

"पेटीच्याच म्हातारपणासाठी."

राणीला कुठला धीर? कारागिणीची पाठ वळताच तिने कळ पुढे सरकवली. उत्तर न्याहारीच्या आत आले. पेटी मात्र तव्यासारखी तापली. मग राणीने भोवती वाळ्याचे ओले पडदे लावले आणि पेटी निवली. पेटी गार आहे म्हणजे सुखात आहे, असे राणीने गृहीत धरले. तिथेच तिचे चुकले.

काही पावसाळे झकास गेले. मग पेटी अडखळू लागली. कधी उत्तर अर्धेच, कधी कडक उन्हात पुराची हाकाटी. राणीने चाकावर आणखी पाणी सोडले, वीज वाढवली, तेव्हा कुठे पेटी पुन्हा धावली. राणी मात्र दिवसभर तिच्याभोवती येरझाऱ्या घालत राही.

एका दुपारी डोंगर काळेकुट्ट झाले. राणीने विचारले. पेटी गप्प. तिने कळ खुणेवर आणली, खुणेच्याही मागे आणली. पेटी गप्पच.

राणी अनवाणी खालच्या गावाकडे धावत सुटली. "निघा, टेकडीवर चला," ती दारोदार ओरडत होती. गाव टेकडीवर चढले. एक बाप तेवढा गाय सोडवायला मागे राहिला, तो आलाच नाही. त्याची लेक पाण्याकडे बघत उभी होती. एके काळी राणी अशीच उभी होती.

पूर ओसरल्यावर कारागिणीने राणी आणि त्या पोरीसमोर पेटी उघडली. तारा जागोजागी झिजून तुटल्या होत्या.

"मी तर तिला गार ठेवली होती," राणी पुटपुटली.

"ताप कमी झाला, राणीसाहेब, झीज थांबली नाही. खुणेवर चालवली असती, तर या पोरीच्या नातवंडांनाही हिने पूर सांगितला असता."

राणी ढसाढसा रडली. त्या पोरीला तिने आपल्या घरी नेले. नवी पेटी घडायला बरीच वर्षे लागली. तोवर राणी स्वतः नदीकाठी राखणीला बसत असे, आणि पोरगी तिच्याशी एक शब्दही न बोलता शेजारी बसे.

म्हणून लक्षात ठेवा: राखून ठेवलेली ताकद हेच वस्तूचे आयुष्य असते, घाईने ती आज उपसली, तर गरजेच्या दिवशी उरत नाही.