खैरी माघारी आली

माळाला कुंपणं पडण्याआधीची गोष्ट. हरणांच्या कळपात भुरी नावाची म्हातारी हरिणी होती. लांडग्याचा वास सगळ्यांत आधी तिला यायचा. वयानं तिला वास येईनासा झाला, तेव्हा म्होरक्या म्हणाला, “जो कळपाच्या उपयोगी, त्यालाच पाणवठ्यावर जागा. हाच न्याय.” भुरी मुकाट्यानं टेकडीपलीकडे निघून गेली.

तिथं चारा होता, डबकंही होतं. तरी रोज संध्याकाळी ती टेकडीवर चढून कळपाकडे बघत राहायची. पाडसं उड्या मारताना दिसली की तिचे पाय आपोआप पुढं पडायचे.

उन्हाळ्यात पाणवठा आटला. म्होरक्या धावत आला. “परत चल. जुने झरे तुलाच ठाऊक आहेत. तुझा उपयोग आहे.”

“आणि पाऊस पडल्यावर?”

भुरीनं म्होरक्याला झऱ्याची वाट नीट समजावली, पण ती जागची हलली नाही. कळप दूर जाताना तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी तिची जुनी सोबतीण खैरी झऱ्यावरून एकटीच माघारी आली.

“कळप वाट चुकला का गं?” भुरीनं विचारलं.

“नाही. तुझ्यावाचून पाणी घशाखाली उतरेना.”

भुरी तिच्यासोबत झऱ्याकडे निघाली.