कोऱ्या पानावरचा बगळा

आमच्या मिठागराच्या वस्तीत, अगदी शेवटच्या खोपीत, इवलीशी फुलवंती राहायची. आई देवाघरी गेलेली, बाप दिवसभर मिठात राबायचा, आणि तिच्या कडेवर धाकटा भाऊ गोजू. आई गेली तसा गोजूचा आवाजच हरवला. हसणं नाही, बोबडे बोल नाहीत. नुसता टुकूटुकू बघायचा.

"मुकाच राहतो बघा आता," बायका कुजबुजायच्या.

"गप बसा गं, पोरगी ऐकते!" मी दटावायचे.

एका उदास सांजेला फुलवंती खोपीपुढच्या गुलबक्षीपाशी रडत बसली होती. तोच एका जांभळ्या फुलातून चिमुकली परी उतरली. दवासारखे पंख, लुकलुकते डोळे.

"एक मागणं माग, सोनुले. पण गेलेलं माणूस नाही हं मला आणता येत."

फुलवंतीनं डोळे पुसले. "मग माझ्या गोजूला बोलतं कर."

परीनं तिच्या ओंजळीत चित्रांचं, गाण्यांचं झगमगतं पुस्तक ठेवलं. "रोज त्याला मोठ्यानं वाचून दाखव. पण दुसऱ्या लेकरासाठी वाचलंस, तर ते पान कोरं होईल."

फुलवंती वाचू लागली,

"बगळेमामा, मान वळवा,
चिखल लागला, पाय हलवा!"

गोजू चंदेरी बगळ्यावर बोट ठेवायचा. ओठ मात्र मिटलेलेच.

तशात माझ्या नातीला, ठकूला, गोवर आला. दारावर कडुलिंबाचा डहाळा लागला की त्या घरी कुणी फिरकत नाही. ठकू तापानं फणफणली, रडून रडून बेजार झाली. फुलवंतीनं गोजूला लांब, त्यांच्या खोपीच्या ओट्यावर बसवलं आणि आमच्या खिडकीबाहेर उभी राहिली.

"आजी, ठकूला गाणी वाचू?"

पुस्तकाचं सारं मी खोदून खोदून विचारलेलं. "अगं वेडे, पानं कोरी होतील! मग गोजूचं काय?"

"पण ती रडतेय ना."

एकेक गाणं झालं, एकेक रंग उडाला. ठकू शांत निजली. पुस्तक मिठासारखं पांढरंफटक झालं.

ओट्यावर येऊन फुलवंती मुसमुसू लागली. गोजूनं पुस्तक ओढलं आणि एका कोऱ्या पानावर बोट ठेवलं. ती म्हणाली, "बगळेमामा, मान वळवा, चिखल लागला..."

"पाय अलवा!" गोजू ओरडला. चिमुकला पाय हलवून खुदकन हसला.

गुलबक्षीवर गुलाबी, सोनेरी उजेड फुलला. "तू वाचत होतीस ठकूसाठी," परी हसली, "आणि तो ऐकून मनात साठवत होता." उजेड भरभर वाढला आणि परी त्यात विरून गेली.

पुन्हा अंधार झाला. आई काही आली नाही. पण त्या खोपीतून एक बोबडा हट्ट ऐकू येत राहिला,

"ताई, पुन्ना! ताई, पुन्ना!"