बाकी सगळं राखाडी

दोष साळुंके सरांचा होता. आधीच सांगून टाकतो, कारण गाव अजून म्हाळूलाच हसतं. एक नियम फेकायचा आणि तो कुठे चालत नाही हे पोटात ठेवायचं, ही सरांची शिकवायची पद्धत. याच पद्धतीने पोरं दरवर्षी नापास होतात. सर मात्र दरवर्षी पास.

तर बोरखेडी नावाच्या गावात म्हाळू नावाचा एक भोळा रंगारी होता. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवावीत तर त्यानेच. सांगाल ते करायचा. सांगाल तेवढंच करायचा. गेनूमामाने त्याला अट घातली होती, "शाळेत शिपाई म्हणून लाग, मग आमची यमुना तुझी." आणि साळुंके सर म्हणाले होते, "विज्ञान प्रदर्शनाचे रेणू रंगवून दे. काम आवडलं तर अण्णासाहेबांच्या कानावर घालतो." अण्णासाहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. शाळा त्यांची, मैदान त्यांचं, सरही त्यांचेच.

"रेणू म्हंजे काय, सर?"

"अणूंचा घोळका. हे मातीचे गोळे म्हणजे अणू, काड्यांनी जोडलेत. हा साखरेचा रेणू. छान रंगव."

म्हाळूने छान रंगवला. गोळ्यागोळ्याला निराळा रंग, त्यावर पट्टे, पट्ट्यांवर ठिपके, वरून बेगड.

"हा रेणू आहे का बैलाचं शिंग? अरे, कार्बन काळा, ऑक्सिजन लाल, हायड्रोजन पांढरा. एका जातीचे सगळे एका रंगाचे. जगभर असंच करतात."

"मग आधी का नाय सांगितलं?"

"एवढं कळायला नको?"

जगभराचं बोरखेडीत कसं कळावं, ते सर बोलले नाहीत. म्हाळूने लक्षात ठेवलं. एका जातीचे एका रंगाचे.

मग सरांनी रक्तातलं हिमोग्लोबिन दिलं. मण्यांच्या चार लांब साखळ्या, एकमेकींत गुंतलेल्या.

"यांची जात कोणती, सर?"

"प्रोटीन."

"चारींची?"

"चारींची."

म्हाळूने चारी साखळ्या लालभडक करून टाकल्या. कुठली कुठे सुरू होते, कुठे संपते, काही कळेना. जिलब्यांचा ढीग दिसत होता.

"चार आहेत हे दिसायला नको का, गाढवा? वेगळी साखळी, वेगळा रंग."

"पण काल तुमीच..."

"काल काल होतं. वेगळं ते वेगळ्या रंगात."

म्हाळूने लक्षात ठेवलं. वेगळं ते वेगळ्या रंगात.

तिसरं काम मोठं होतं. पाटीएवढं प्रोटीन आणि त्याच्या खाचेत बसलेला इवलासा औषधाचा रेणू. म्हाळूने नीट पाहिलं. प्रत्येक मणी वेगळाच होता. त्याने प्रत्येकाला वेगळा रंग दिला. डब्यातले रंग संपले, तेव्हा घरून हळद, नीळ आणि गेरू आणला.

सर वाकून मणी न् मणी तपासायला लागले. "औषध कुठंय?"

म्हाळूनेही शोधलं. "मलाबी सापडंना."

"अरे, सगळंच ओरडायला लागलं तर ऐकायचं कोणाचं? महत्त्वाचं तेवढं लाल, बाकी सगळं राखाडी. बघणाऱ्याची नजर सरळ तिथं गेली पाहिजे."

म्हाळूने तसं केलं. राखाडी पसाऱ्यात औषध टपोरं उठून दिसलं. सरांनी पहिल्यांदाच त्याची पाठ थोपटली. "हे एकच लक्षात ठेव. कुठंही गेलास तरी हेच."

कुठंही. सरांचाच शब्द.

प्रदर्शनाच्या दिवशी अण्णासाहेब उद्घाटनाला लवकर आले, बासुंदी-पुरी जेवले आणि हॉलमध्ये रेणूंच्या मधोमध खुर्ची टाकून झोपले. सभेत झोपून झोपून त्यांची झोप पक्की झाली होती. सर फाटकावर हार घेऊन बाकीच्या पाहुण्यांची वाट बघत होते. म्हाळू धावत गेला.

"सर, हॉलमधी महत्त्वाचं काय हाय?"

"अण्णासाहेब. दुसरं काय असणार?"

"आन् बाकी?"

"बाकी काही नाही. जा, तयारी बघ."

म्हाळूने तयारी बघितली. आधी बाकीचं केलं. साखर राखाडी, हिमोग्लोबिन राखाडी, औषध राखाडी. टेबलं, पडदे, फीत, समई, सगळं राखाडी. मग तेलरंगाचा लाल डबा उघडला. धोतर झालं, कोट झाला, टोपी झाली. ब्रश गालावर आला तसे अण्णासाहेब झोपेतच पुटपुटले, "सावकाश रे. कापशील."

"नाय कापत, अण्णा," म्हाळू म्हणाला आणि मिशांना दुसरा हात दिला.

दार उघडलं. पुढे सर, मागे पाहुणे, त्यांच्या मागे मुलीला घेऊन जावयाची नोकरी बघायला आलेला गेनूमामा.

"सर, नजर कुठं गेली?" म्हाळूने विचारलं.

"अण्णासाहेबांकडे," सर म्हणाले. खोटं बोलायची सोयच नव्हती.

"सरळ गेली ना?"

साळुंके सर पुढच्या वर्षी मुख्याध्यापक झाले. म्हाळूला शाळेच्या फाटकातून आत सोडत नाहीत, आणि यमुना दिली तालुक्याच्या कंपाउंडरला.