कोंडाआत्याची नाव

ती समोरची नाव पाहिलीत? झेंडूच्या माळा बांधलेली, मधल्या बांबूला पाळणा टांगलेली? आज सुतारांच्या घरी बारसं आहे. आमच्या हिंगणडोहात मुलाचं नाव घरात ठेवत नाहीत. कृष्णेच्या पात्रात, डोहाच्या मध्यावर नेऊन ठेवतात. आणि नाव आणणाऱ्या आत्याला ते कुठून आणलं आणि त्याचा अर्थ काय, हे काठावरच्या माणसांना ऐकू जाईल असं सांगावं लागतं. आत्या बिचाऱ्या आधीपासून घसा शेकत बसतात. हे असं का, ते सांगतो. बसा इथे पायरीवर, ऊन यायला वेळ आहे.

फार जुनी गोष्ट. तेव्हा या काठावर आम्हा भोयांची थोडीशीच घरं होती. उतारू पलीकडे सोडायचे, मासे धरायचे, एवढाच उद्योग. त्या घरांचा कर्ता केरबा भोई. केर म्हणजे झाडून टाकायचा कचरा. त्याच्या आईची आधीची मुलं जगली नव्हती, म्हणून हा झाल्यावर तिनं त्याला कचऱ्याचं नाव दिलं. चांगल्या नावाच्या मुलावर मृत्यूची नजर जाते, वाईट नावाकडे तो ढुंकून पाहत नाही, अशी त्या काळची समजूत होती.

केरबा जगला. मोठा झाला, लग्न झालं, आणि त्याचीही पहिली मुलं गेली. तेव्हा त्यानं सटवाईच्या दगडावर हात ठेवून शपथ घेतली म्हणे, ‘या काठावर माझ्या घरात देखणं नाव कुणी घेणार नाही.’ त्यानंतर मुलगा झाला, त्याचं नाव धोंडी. मुलगी झाली, तिचं नाव कोंडा. धान्य पाखडल्यावर सुपात उरतो तो कोंडा. दोघंही जगली. केरबाची खात्री पटली.

कोंडा दिसायला नीटस, बोलायला खणखणीत. पण नाव सांगायची वेळ आली की तिचा आवाज बसायचा. सासर तिचं पलीकडच्या काठावर, तेही नावाड्याचंच घर. नवरा तिला नुसतं ‘अगं’ म्हणून हाक मारायचा, तेच तिला बरं वाटायचं.

इकडे धोंडीची बायको चंद्रा. तिला दोन मुलगे झाले. एकाचं नाव दगडू ठेवलं, दुसऱ्याचं भिका. दोघंही पाळण्यातच गेले. मग तिसरा झाला. इतका अशक्त, की रडताना त्याचा आवाज अंगणापर्यंतही पोचत नसे. केरबानं नातवाला पाहिलं आणि म्हणाला, ‘‘याचं नाव उकिरडा ठेवा. त्याच्याखाली आता दुसरं काही न्हाई.’’

बाळंतिणीची विचारपूस करायला कोंडा आली, तेव्हा चंद्रानं नणंदेचा हात घट्ट धरला. ‘‘वन्सं, माझी दोन लेकरं गेली. त्यांची आठवण काढायची तर दगड म्हणू का भीक म्हणू? तोंडच उघडत न्हाई माझं. याला जेवढं आयुष्य असंल तेवढं असू दे, पण मला हाक मारता येईल असं नाव आणा.’’

नाव आणायचा मान आत्याचा. कोंडा त्या दिवसापासून नाव शोधायला लागली. नावेत बसणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, तुमचं नाव काय, कुणी ठेवलं, म्हणजे काय त्याचा अर्थ? कुणाला आजोबांचं नाव होतं, कुणाला देवाचं. अर्थ फार थोड्यांना सांगता आला. एकदा नावेत गोंधळी बसले. पलीकडच्या गावी गोंधळ होता, संबळ मांडीवर घेऊन चालले होते. पाणी ओलांडताना सवयीनं त्यांनी आईचा उदो केला. कोंडानं विचारलं, ‘‘बाबा, हे रोज म्हणतो आपण. उदो म्हणजे काय?’’

म्हातारा गोंधळी हसला. ‘‘उदो म्हणजे उदय, बाय. उगव, वर ये, असं आपण आईला म्हणतो. आणि आई तेच आपल्याला म्हणते.’’

कोंडाला नाव सापडलं.

बारशाच्या दिवशी ती आली तर केरबा दारातच उभा. त्यानं कानोकानी ऐकलं होतं. ‘‘कोंडे, नाव आणलंस म्हणं. देखणं असंल तर उंबऱ्याबाहेर ठेव. मी शपथ घेतलीय. तुम्ही दोघं कशानं जगलात ते इसरू नको.’’

‘‘आबा, दगडू आन् भिका कशानं गेले?’’

केरबानं दाराची चौकट धरली. ‘‘हाही गेला तर?’’ एवढंच तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं भय होतं. वयस्क बापाला असं भ्यालेलं कोंडानं कधी पाहिलं नव्हतं. ती मऊ झाली. तिनं विचारलं, ‘‘तुमची शपथ काय होती, आबा? शब्दाला शब्द सांगा.’’

‘‘या काठावर माझ्या घरात देखणं नाव कुणी घेणार न्हाई.’’

‘‘काठावर ना?’’ कोंडा म्हणाली. ‘‘मग मी तुमची शपथ मोडत न्हाई.’’

तिनं पाळणा उचलला, चंद्राचा हात धरला आणि सरळ घाट उतरली. नवऱ्याची नाव लागलेली होतीच. बायका घुगऱ्यांच्या परातीसकट तिच्यामागं धावल्या. ज्यांना जागा मिळाली त्या चढल्या, बाकीच्या काठावर उभ्या राहिल्या. धोंडी एकदा बापाकडे बघे, एकदा नावेकडे. शेवटी त्यानं पाण्यात उडी टाकली आणि पोहत जाऊन नावेला धरलं.

डोहाच्या मध्यावर नाव थांबली. कोंडानं वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, नाव हेलकावायला लागली आणि सगळ्या एकमेकींना धरून हसत सुटल्या. काठावरून कुणीतरी ओरडलं, ‘‘काय ठेवलं? आम्हाला बी सांगा की!’’

‘‘उदाजी!’’

‘‘कुठनं आणलं?’’

‘‘आईच्या उदोतनं आणलं!’’ जन्मभर नाव सांगताना आवाज बसणारी कोंडा नावेत उभी राहून ओरडत होती. ‘‘उगव, वर ये, असा अर्थ हाय त्याचा!’’

आणि असं सांगतात, की उदो हा शब्द कानावर पडताच काठावरची सगळी माणसं सवयीनं एका आवाजात गर्जली, ‘‘उदो! उदो!’’ बाळ दचकलं. त्यानं डोळे उघडले आणि असा काही टाहो फोडला, की पलीकडच्या काठावर गुरं वळणाऱ्यांनी माना वळवल्या. चंद्रा रडणाऱ्या लेकराला छातीशी धरून हसत होती.

केरबा घाटावर एकटा उभा होता. त्यानं ते रडणं ऐकलं. धोतर न खोचता तो पाण्यात शिरला. नाव तोवर परत यायला लागली होती. छातीइतक्या पाण्यात त्यानं तिची कड धरली आणि लेकीला म्हणाला, ‘‘मी बी आता काठावर न्हाई. माझं काही नाव ठेवतीस का गं?’’

कोंडाला हसू आवरेना, रडू आवरेना. तिनं बापाच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. ‘‘सुखाजी. आज आपल्याला मिळालं, ते सुखच.’’ आणि चंद्रानं पुढे होऊन सासऱ्याच्या तोंडात चिमूटभर घुगऱ्या घातल्या.

त्या दिवशी गावातले सगळे धोंडे, दगडू, केरू पाण्यात उतरले म्हणे. नाव दिवस मावळेपर्यंत फेऱ्या मारत होती, आणि जो तो नवं नाव घेऊन त्याचा अर्थ काठाला ओरडून सांगत होता.

शेवटी धोंडीनं विचारलं, ‘‘कोंडे, तुझं नाव काय ठेवायचं?’’ कोंडा वल्ह्याजवळ दमून बसली होती. तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, ‘‘माझं राहू दे. आईनं ते रडत रडत ठेवलं होतं, मी जगावी म्हणून. इतके लोक अर्थ सांगून गेले, तेव्हा मला माझ्या नावाचा कळला.’’

उदाजी चांगला म्हातारा होऊन गेला. इथले बरेचसे भोई त्याचेच.

आजही आमच्याकडे बारसं पाण्यातच होतं. नावं आता नवीन असतात, मोबाईलवर शोधलेली. ‘मोबाईलवर मिळालं’ असं सांगणाऱ्या आत्याला काठावरची माणसं सोडत नाहीत, पुढचं विचारतातच. गेल्या चैत्रात मिरजेहून एक आत्या आली. शिकलेली, नोकरी करणारी मुलगी. भाचा दिवस भरायच्या आधी जन्मला होता, जगेल का नाही अशी गत होती. तिनं नाव सांगितलं, रोहन. अर्थ विचारला तर गडबडली. म्हणाली, ‘‘अर्थ मला ठाऊक नाही हो. दवाखान्यात ज्या नर्सबाईंनी याला आठवडाभर ऊब देऊन सांभाळलं, त्यांच्या मुलाचं नाव आहे हे.’’

मग आमची पारूमावशी पाण्यात दोन पावलं पुढे गेली आणि ओरडली, ‘‘अगं, मग आणखी कसला अर्थ सांगतीस? घुगऱ्या वाट!’’