ताजं दही, शिळा कोड

बोरसरी दूध संघाचे अध्यक्ष अण्णासाहेब ढमढेरे यांना नकार द्यायला कारण लागत नसे, फक्त ऐकायला माणसं लागत. त्या दिवशी सगळं संचालक मंडळ समोर बसलं होतं आणि संघाच्या नव्या सॉफ्टवेअरचं काम मागायला मृणाल खरमाटे आली होती. हे काम हुकलं, तर तिच्या छोट्या कंपनीला टाळंच लागणार होतं.

"दूध संकलनाचा कोड आम्ही आधी दुसऱ्या एका संघासाठी लिहिलाय, तिथे तो उत्तम चालतोय," ती म्हणाली. "तोच इथे घेऊ. बाकीचं तुमच्यासाठी नवं लिहू."

"म्हणजे दुसऱ्याच्या घरचं शिळं आमच्या ताटात?" अध्यक्ष कडाडले. "आमच्याकडं सगळं ताजं असतं, बाई! ते समोरचं दही खाऊन बघा. आज सकाळी लागलंय."

मृणालने चमचाभर दही खाल्लं. "झकास! विरजण कुठलं घातलंत?"

"कालच्या दह्याचं. दुसरं कुठलं घालणार?"

"मग हे दही शिळं म्हणायचं का?"

संचालक मिशीत हसले. अण्णासाहेब वरमले, पण हटले नाहीत. "आणि तुमचं विरजणच खराब निघालं तर?"

"म्हणून तर मी जुना कोडही दर वेळी आधी चाखून बघते, अण्णासाहेब. न चाखता शिळं ठरवलंत ते तुम्ही."

संचालकांनी अण्णासाहेबांकडे पाहिलं. मग अण्णासाहेबच गडगडाटी हसले.

"दाखवा तुमचा तो कोड," ते म्हणाले आणि दाराकडे वळून ओरडले, "अरे, बाईंना अजून एक वाटी दही आणा. कालच्या विरजणाचं!"