पावलांची रेघ

उंदीर माणसांशी अजून बोलत असत, तेव्हाची गोष्ट. कर्करोगावर औषध शोधणाऱ्या एका प्रयोगशाळेत, काचेच्या पेटीत एक पांढरी उंदरीण राहायची. तिच्या पोटात गाठ वाढत होती. पेटीवरचा कॅमेरा दिवसभर तिची पावलं टिपायचा आणि पडद्यावर त्यांची निळी रेघ काढायचा, धुक्यातून वाहणाऱ्या नदीसारखी.

संशोधक सुनेत्राबाई सकाळी आल्या की आधी गावी आईला स्पीकरवर फोन करायच्या, मग पेटीपाशी येऊन विचारायच्या, "कशी आहेस गं?"

"बरी आहे," उंदरीण म्हणायची.

एके दुपारी ती निळी नदी कोपऱ्यातच थबकली. कॅमेरा म्हणाला, "बाई, ही आज पाण्यापर्यंतसुद्धा गेली नाही."

"चहाडखोर मेला!" उंदरीण चिडली. "बरी आहे म्हटलं ना मी?"

"मला शब्द टिपता येत नाहीत," कॅमेरा म्हणाला. "पावलं तेवढी येतात."

सुनेत्राबाईंनी तिला वेदना थांबवणारं औषध दिलं. तिचे डोळे जड झाले, पाय अलगद हलू लागले, जणू ती उंच गवतातून कुठेतरी निघाली होती.

"वेडे, आधी का नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलं की 'बरी आहे' असंच म्हणायचं असतं ना?" उंदरीण झोपेतच पुटपुटली. "तुमच्या आई फोनवर रोज तेच म्हणतात."

सुनेत्राबाईंनी फोन हातात घेतला, पण लावला नाही. चपला घालून त्या थेट गावच्या एसटीत बसल्या. त्यांना आईला चालताना बघायचं होतं.